राहिलेली खुंटी

औरंगाबाद,
२८ नोव्हेंबर १९८५

प्रिय गुलाब,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला आधी धसका बसेल. बारा वर्षांत ऑफिसचे कागद सोडले तर मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आपल्या ऑफिसचा कागद म्हटलं की बदली तरी असते नाहीतर मेमो तरी. तसलं काही नाही. घाबरू नकोस. निवांत बस, चहा टाकायला सांग आणि मग वाच. मला तुझे आभार मानायचे आहेत. नुसतेच मानायचे असते तर पोस्टकार्डावर भागलं असतं. पण त्या आभारांच्या आड एक गोष्ट उभी आहे, अख्ख्या तपात आपण एकमेकांशी न बोललेली. ती बोलल्याशिवाय आभार मानले तर ते खोटे ठरतील. म्हणून हे लांबण. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, मुद्द्यावर यायच्या आधी मी चार कोस चालून येतो. आणि हो, हे वाचताना मनातल्या मनातही मला साहेब म्हणू नकोस. आपण एकाच वयाचे आहोत, आणि मी तुला अरे-तुरे करायचं आणि तू मला अहो-जाहो, हे तेव्हाही शोभत नव्हतं.

आधी खुशाली सांगतो. तुळजा बरी आहे, गुडघ्यांची कुरकुर चालू असते. गेल्या महिन्यात सहा नवे भूवैज्ञानिक भरती झाले. त्यांना फिल्डवर काम कसं करायचं ते शिकवायचं माझ्या गळ्यात आलं, म्हणून सगळ्यांना घेऊन येडशीला गेलो आणि रामलिंगाच्या डोंगरात दोन दिवस हिंडवलं. काय शिकवलं म्हणतोस? सगळं तुझंच! चढणीवर एकाखाली एक चालायचं नाही, शेजारीशेजारी चालायचं, म्हणजे वरच्याच्या पायानं सुटलेला दगड खालच्याच्या टाळक्यात बसत नाही. हातोडा मारायच्या आधी भोवताली बघायचं, मोठ्यानं सांगायचं आणि तोंड फिरवायचं. दगड उलटायचा तो आपल्या अंगाकडं, म्हणजे खालचं जनावर पलीकडं निघून जातं. पोरं भराभरा वहीत लिहून घेत होती. एकानं विचारलं, सर, हे कुठल्या पुस्तकात आहे? मी म्हणालो, अनुभवातलं आहे. अनुभव कुणाचा ते मात्र सांगितलं नाही. तेव्हाच मला माझी लाज वाटायला लागली होती, खरं सांगतो.

बहात्तरच्या पावसाळ्यात मी नोकरीला लागलो, म्हणजे जो पावसाळा आलाच नाही त्यात. अंगात नव्या डिग्रीची मस्ती होती. जिल्हाभर विहिरी आटलेल्या, रस्त्याकडेला खडी फोडायच्या कामावर गावंच्या गावं बसलेली, आणि जमिनीत वीज सोडून खालच्या दगडाचा अंदाज घ्यायचं ते यंत्र घेऊन आपली जीप वाडीवाडीला फिरायची. मी भूवैज्ञानिक, तू खलाशी, वायर ओढायला आणि खुंट्या ठोकायला. पहिल्याच दिवशी तू जीपमध्ये पाण्याचे दोन मोठे डबे चढवलेस. मी म्हणालो, कशाला हे ओझं, गावात मिळेल की पाणी. तू माझ्याकडं असं बघितलंस की अजून आठवतं. म्हणालास, साहेब, आपण त्यांच्या दारी पाणी हुडकायला चाललोय, त्यांच्याच हंड्यातलं पिऊन कसं यायचं? मला राग आला होता. अरे, खलाशानं मला शिकवायचं! पण डबे जीपमध्येच राहिले, आणि पुढं ज्या ज्या गावात आपण आपल्या डब्यातलं पाणी प्यालो, तिथले लोक आपल्याशी किती मोकळेपणानं बोलले ते मी बघितलं.

वायर पसरली की तू तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचास, दर पन्नास पावलांवर थांबायचास, माणूस दिसलं तर सांगायचास, म्हैस दिसली तर हाकलायचास, आणि तुझा हात वर झाल्याशिवाय मला बटण दाबू द्यायचा नाहीस. कुणाच्याही रानात पाय टाकायच्या आधी मालकाला हाक घालायचास. मालक नसला तर बसून राहायचास आणि मी घड्याळ बघत चरफडायचो. एकदा चिडून विचारलं तर म्हणालास, इचारून गेलं की माणूस माणसागत बोलतंय. आणि विहीर दिसली की तू दहा पावलं अलीकडं थांबायचास आणि तिथून हाळी द्यायचास. मला कितीतरी दिवस ती आपल्या कामातली शिस्तच वाटली. विहिरीचा काठ कसा आहे, भेग पडलीय का, कठडा ढिला झालाय का, हे तू त्या दहा पावलांवरून बरोबर हेरायचास. पुढं बेंबळीला तुझ्या घरी जेवायला बसलो, तेव्हा तुझ्या आईनं, धुरपदाबाईंनी, भाकरी वाढता वाढता सहज सांगितलं, की छप्पन साली तुम्ही दीक्षा घेतली तेव्हा तू आठ वर्षांचा होतास, आणि त्याच्याआधी गावच्या विहिरीपासून किती लांब उभं राहायचं हे तुला चालायला लागल्याबरोबर शिकवलं होतं. ती दहा पावलं कुठून आली ते मला तेव्हा कळलं. ज्यांच्यामुळं ती शिकावी लागली त्यांच्यात माझं घर होतं, हेही कळलं. तू त्या पावलांचा उपयोग माणसं सांभाळायला केलास. त्याबद्दल तुझे आभार मानायची माझी लायकी नाही, तरी मानतो.

आता मुद्द्यावर येतो, आलंच पाहिजे.

त्र्याहत्तरचा जानेवारी. बेंबळीच्या पलीकडची ती वाडी. अकरा शेतकऱ्यांनी मिळून पाणीपुरवठ्याची सहकारी संस्था काढली होती, सगळ्यांची मिळून एक विहीर आणि एक इंजिन, आणि आबाराव त्यांचे चेअरमन. आपण तिथं सहा जागा तपासल्या. प्रत्येक जागेच्या मधोमध लाकडी खुंटी, डोक्याला लाल रंग दिलेली, लांबून दिसावी म्हणून. मधल्या माळावरची जागा साफ वाईट निघाली, खाली खोलपर्यंत काळा दगड आणि पाण्याचा पत्ता नाही. नाल्याच्या वळणावरची जागा चांगली होती. ते सगळं माझ्या वहीत होतं, वहीतून रिपोर्टात जायचं होतं आणि रिपोर्ट ऑफिसातून तहसिलात आणि तिथून वाडीत. तुझा नियम असा, की रान सोडायच्या आधी सगळ्या खुंट्या मोजून काढायच्या, भोकं मातीनं बुजवायची आणि आपण आलोच नव्हतो असं रान मालकाच्या ताब्यात द्यायचं. पाच निघाल्या. माळावरची राहिली.

वर मी काय लिहिलं बघ. राहिली. बारा वर्षं मी हे वाक्य असंच बोलत आलो, जणू खुंटीनं स्वतःच ठरवलं होतं. जमीन वाळून दगड झाली होती, खुंटी हलेना, तू पहार आणायला जीपकडं निघालास. आणि मला येडशीहून लातूरची गाडी गाठायची होती, कारण दुसऱ्या दिवशी तुळजाला बघायला जायचं होतं. मी म्हणालो, मरू दे रे ती खुंटी, सरकारला एका लाकडाचा काय तोटा आहे? तू म्हणालास, दहा मिन्टं साहेब. मी जीपचा हॉर्न वाजवला. दोनदा वाजवला. तू पहार परत ठेवलीस आणि येऊन बसलास. असं झालं होतं, गुलाब. हे मी पहिल्यांदाच कागदावर लिहितोय.

दीड महिन्यानं आपण त्या बाजूला दुसऱ्या कामाला गेलो तर माळावर ही गर्दी! दगडमाती वर काढायची यारी उभी केलेली, मुरमाचा ढीग, आणि बायामाणसांची ये-जा. रिपोर्ट अजून तहसिलातच लोळत होता. पण वाडीनं कशाला वाट बघावी? साहेब येऊन गेला, पाच खुंट्या काढून नेल्या आणि एक ठेवली, तीसुद्धा शेंदरासारख्या लाल डोक्याची. म्हणजे पाणी तिथंच. त्यांनी नारळ फोडला, खुंटीला हळदकुंकू वाहिलं, ती उपटून पूर्वेला लिंबाखाली मांडली आणि तिच्या जागी विहीर धरली. पुजलेली जागा आता कोण सोडणार? दर घरची एक-दोन माणसं खाली, बाकीची वर. आबारावांनी आपल्याला बघितलं आणि धावत येऊन माझ्या गळ्यात हार घातला. म्हणाले, तुमच्या खुंटीखालीच लागलो बघा साहेब, आता पाणी दोन हातावर आलंय. मी तो हार गळ्यात ठेवला. हसलोसुद्धा.

तू काठाशी पोटावर झोपून आत बघितलंस. मीही बघितलं. वर काळ्या दगडाचा जाड थर, आणि त्याच्याखाली हातभर गेरूचा लाल पट्टा, भुसभुशीत, सुरुंगाच्या हादऱ्यानं सगळीकडून गळणारा. खालचा आधार निघून चालला होता आणि वरचा दगड नुसता पुढं आलेला. खाली चौदा माणसं होती, त्यात पाच बाया. मला ते समजलं नाही असं नव्हे. माझं शिक्षणच त्याचं होतं. पण बोललो तर हार उतरणार, आणि मग खुंटीची गोष्ट निघणार. जीपकडं परत येताना मी तुला म्हणालो, ऑफिसला गेल्यावर लगेच पत्र टाकतो. तू म्हणालास, पत्र कदी पोचायचं? मी म्हणालो, चल बस. तू बसला नाहीस.

पुढचं मी जीपच्या दारात उभा राहून बघितलं. तू आबारावांपुढं गेलास, टोपी काढून हातात घेतलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, चेअरमनसाब, हितं पाणी न्हाई, ती खुंटी म्या काढायची ऱ्हायली. समोर काय वाढून ठेवलंय हे तुला माहीत होतं. तुझं गाव कोसभरावर, तुझी आई तिथं एकटी, आणि समोर दीड महिना उपाशीपोटी दगड फोडलेली माणसं. शिव्या सुरू झाल्या. जातीवरून झाल्या, त्या मी इथं लिहीत नाही, तुझ्या त्या पाठ असतील. एकानं पहार उचलली. तेव्हा तू जे बोललास ते बारा वर्षं माझ्या कानात आहे, 'आदी समदे वर या, मंग मला काय मारायचं ते मारा.' कुणी हलेना. मग विठाबाई पुढं आल्या, त्यांचा नवरा आणि सून दोघंही खाली होते. त्यांनी सगळ्यांना दटावलं, चूक करून पळून जाणारे लई बगितले, परत येऊन सांगणारा ह्यो पयलाच हाय, काडा आदी माणसं वर. यारी फिरायला लागली.

तेवढ्यात आबाराव माझ्याकडं वळले. हार अजून माझ्या गळ्यातच होता. त्यांनी विचारलं, साहेब, ह्यो म्हणतोय त्ये खरं हाय का? ह्याच्या हातनं ऱ्हायली का खुंटी?

आणि मी म्हणालो, होय.

तू खोटं बोलला नव्हतास. खुंटी काढणं तुझं काम होतं, ती काढायची राहिली, एवढंच तू म्हणालास. हॉर्नचं सांगितलं नाहीस. खोटं बोललो तो मी, एका शब्दात. तू माझ्याकडं मान वळवूनही बघितलं नाहीस, यारीच्या दोरावर नजर ठेवून वर येणारी माणसं मोजत उभा राहिलास. चौदा झाली तेव्हा टोपी डोक्याला घातलीस.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती भिंत खाली आली. अख्खा काळा थर गेरूसकट कोसळला. विहिरीत चिटपाखरू नव्हतं. आबाराव स्वतः सायकल मारत ऑफिसला सांगायला आले आणि रडले. बघ गुलाब, या बारा वर्षांत मला रात्रीची झोप लागली ती तुझ्यामुळं. त्या चौदा माणसांचे मुडदे माझ्या नावावर लिहिले गेले असते. मी लग्न केलं, मुलाचं बारसं केलं, दिवाळीला करंज्या खाल्ल्या, हे सगळं तू मला दिलेलं आहे. तू जीपमध्ये मुकाट्यानं बसला असतास तर यातलं काही मी तोंड वर करून केलं नसतं. तुझे उपकार म्हणजे हे.

आणि मी काय दिलं? तेही तुला कळू दे, कारण हे तुला कुणी सांगितलं नसणार. ऑफिसनं अहवाल मागितला तो मीच लिहिला. लिहिलं, खलाशाकडून खुंटी काढावयाची राहिली, बाब लक्षात येताच निम्नस्वाक्षरीकारांनी काम थांबवले. म्हणजे मी! मला वरून प्रशस्तिपत्र आलं. तुझ्या सेवापुस्तकात शेरा पडला, कामात हयगय, सक्त ताकीद. त्या शेऱ्यापायी तुझ्या मागून लागलेले तिघं मुकादम झाले आणि तू अजून खलाशीच आहेस. तू कधी विचारलं नाहीस. मी वर चढत गेलो आणि तुझ्या सर्व्हे पार्टीबरोबर फिल्डवर जायचं टाळत गेलो. समोरासमोर आलो की तू नेहमीसारखं हसून नमस्कार करायचास, आणि मला वाटायचं, याच्यापेक्षा यानं एक कानफटात मारली असती तर बरं झालं असतं.

येडशीहून परतताना मी एकटाच त्या वाडीला गेलो. नाल्याच्या वळणावरच्या विहिरीला आजही तीन परस, म्हणजे तीन माणसं उभी बुडतील इतकं, पाणी आहे. संस्थेचं इंजिन चालू होतं, हरभरा उगवलाय, माणसं ओळखीनं बोलली. विठाबाई आता म्हाताऱ्या झाल्यात, डोळ्यांनी कमी दिसतं. त्यांनी मला बाजेवर बसवलं, चहा दिला, आणि पहिलाच प्रश्न विचारला, तुमच्या संगं त्यो बेंबळीचा होता, त्यो काय मोठा साहेब झाला असल की आता? मी चहा तसाच ठेवून उठलो.

आता हे पत्र आज का, ते सांगतो. सोमवारी बढतीच्या फायली माझ्या टेबलावर आल्या, त्यात तुझी होती. इतका जुना शेरा विचारात घेऊ नये असं एक वाक्य लिहून मला तो बाजूला काढता आला असता. कुणी विचारलं नसतं, तू मुकादम झाला असतास, आणि मी उदार साहेब ठरलो असतो. तीन दिवस तेच लिहायचं ठरवत होतो. आज सकाळी ते वाक्य लिहिलं नाही. शेऱ्याच्या खाली लिहिलं, की खुंटी तशीच ठेवण्याचा हुकूम माझा होता, काम थांबवलं ते गुलाबनं, आणि त्र्याहत्तरचा माझा अहवाल खोटा आहे. प्रशस्तिपत्र सोबत जोडलं, सही केली आणि फाईल वर पाठवली. आता माझी चौकशी लागेल, लागू दे, तुळजाला सांगितलं आहे. पण चौकशीत तुला बोलावतील आणि विचारतील, की साहेबांनी तसा हुकूम खरंच दिला होता का. मी तुला ओळखतो. तू टोपी हातात घेशील, खाली बघशील आणि मला वाचवायला म्हणशील, लई दिस झाले, आता काय आठवत न्हाई. गुलाब, एकदा तू चौदा माणसं वर काढलीस आणि त्यांच्याबरोबर मलाही काढलंस, तेवढं पुरे झालं. हात जोडून सांगतो, या वेळी त्यांना सांग, आठवतंय.

तुझाच,
महारुद्र